भिजलेला तंबू

शास्त्रवाचन : २ करिंथ ५:१-१०, योहान ७:३७-३९, उपदेशक ४:९-१२



प्रेषित पौल हा व्यवसायाने राहुट्या शिवणारा होता, हे आपणांस प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायावरून ठाऊक आहे. करिंथ नगरात अक्विल्ला व प्रिस्किल्ला या दांपत्याच्या घरी राहून, त्यांच्यासोबत तो हेच काम करीत असे. पुढे त्याच करिंथ येथील मंडळीला पत्र लिहिताना त्याने मनुष्याच्या देहाला मंडपाची उपमा दिली, तेव्हा ती त्याने ऐकीव माहितीवरून दिलेली नव्हती. जाड कापडातून सुई ओढताना बोटांना पडलेले घट्टे त्याच्या हातांवर होते. कापड कोठे विरते, शिवण कोठे उसवते, दोरी कोठे झिजते हे तो जाणत होता. या उपमेचा अर्थ मी अनेक वर्षे व्यासपीठावरून सांगत आलो. परंतु तो मला खऱ्या अर्थाने उमगला तो परदेशातील एका भिजलेल्या तंबूत, आमच्या प्रवासाच्या अगदी अखेरच्या दिवसांत. ती हकीकत आज आपल्यापुढे ठेवतो. तीत माझ्या कौतुकाचे काही नाही, कबुलीचे मात्र पुष्कळ आहे.

माझे महाविद्यालयीन शिक्षण नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात झाले. ज्यांच्या नावाने हे महाविद्यालय उभे आहे ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म १८१७ साली स्कॉटलंडमधील डन्स या लहानशा गावी झाला. १८४५ साली ते नागपुरास आले. सुवार्तेसोबत त्यांनी शाळा उभारली, गोंड व इतर आदिवासी बांधवांच्या भाषांचा अभ्यास केला, या भागातील खडक व जीवाश्म तपासले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी, टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळे पाहून घोड्यावरून परतत असताना, पावसाने फुगलेल्या ओढ्यात त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांना ४६ वे वर्ष चालू होते. ‘एकदा तरी ४ सप्टेंबरला डन्स गावी उभे राहून प्रभूचे आभार मानावे,’ ही इच्छा मी तरुणपणापासून मनात बाळगली होती.

निवृत्तीनंतर तो योग आला. माझा पुतण्या नोकरीनिमित्त एडिंबरा येथे राहत होता. त्याने आपली जुनी मोटार आणि दोन माणसांचा तंबू आम्हांस दिला. तिकडेही आपल्यासारखीच डावीकडून वाहने चालतात आणि आपल्या देशाचा परवाना पाहुण्यास बारा महिने चालतो, त्यामुळे मोटार चालविण्याची अडचण नव्हती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी व माझी पत्नी असे दोघे निघालो. रोज थोडा प्रवास करावा, सायंकाळी एखाद्या शेतावरच्या किंवा नदीकाठच्या तळावर तंबू ठोकावा, गॅसच्या लहान शेगडीवर खिचडी शिजवावी आणि दिवा विझवून प्रार्थना करून झोपावे, असा आमचा क्रम होता.

तंबूचे आम्हांस अप्रूप नव्हते. चाळीस वर्षांपूर्वी चिखलदऱ्याच्या युवक शिबिरात तंबूच्या दोऱ्या बांधावयास मला तिनेच शिकविले होते. तिने मारलेली गाठ वाऱ्याने सुटत नसे आणि सोडावयाची म्हटली तर एका झटक्यात सुटे.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात डॉक्टरांनी तिला कंपवाताचे निदान सांगितले होते. घरी परतताना रिक्षात आम्ही दोघेही गप्प होतो. पुढे ठरविले ते इतकेच, की प्रवास आटोपेपर्यंत हा विषय काढावयाचा नाही. मुलांना सांगितले नाही, मंडळीत प्रार्थनेसाठी विनंती केली नाही. मी या मौनाला विश्वास म्हणत होतो. आज विचार करता त्याचे खरे नाव भीती होते, असे मला दिसते.

पहिले अकरा दिवस हवा उत्तम होती. आम्ही पश्चिम किनाऱ्यावरील ओबन बंदरातून पाऊण तासाच्या बोटीने समोरच्या मोठ्या बेटावर गेलो. तेथून सुमारे साठ किलोमीटरचा अरुंद रस्ता बेटाच्या पश्चिम टोकापर्यंत जातो आणि त्या टोकापलीकडे, दहा मिनिटांच्या अंतरावर, आयोना हे इवलेसे बेट आहे. इ. स. ५६३ मध्ये संत कोलंबा आयर्लंडहून येथे उतरला आणि येथूनच सुवार्ता स्कॉटलंडभर पसरली. मुंबईच्या गावदेवी भागातील सेंट कोलंबा शाळेचे नाव त्याचेच. तिची मुळे मार्गारेट विल्सन या स्कॉटिश भगिनीने मुंबईत मुलींसाठी चालविलेल्या कार्यापर्यंत जातात. मार्गारेट व त्यांचे पती डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले. सहा वर्षांनी, १८३५ साली, ती भगिनी येथेच प्रभूमध्ये निजली. आयोनाच्या किनाऱ्यावर उभे राहिले असता या साऱ्यांची आठवण होणे स्वाभाविक होते.

१ सप्टेंबर, रविवार. आयोनाच्या जुन्या मठात उपासना करून आम्ही परतलो आणि त्या दुपारी पाऊस सुरू झाला.

पावसाचे आपणांस काय नवल! सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसाला मुसळधार पाऊस म्हणजे घरचा पाहुणा. तेथेही कारण तेच आहे. समुद्रावरून येणारे ओले वारे डोंगरांना अडतात, वर चढतात, थंड होतात आणि कोसळतात. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील काही डोंगरांवर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मात्र आपला पाऊस चार महिन्यांत येऊन जातो, तर तो पाऊस बारा महिने हिंडत असतो. शिवाय तो थंडगार असतो. वारा थांबला की बारीक चिलटांचे थवे अंगावर येतात आणि चिलटे गेली की समजावे, वारा पुन्हा सुटणार.

सोमवारी दिवसभर आम्ही तंबूत बसून होतो. खाली ओल चढली, कपडे दमट झाले. तिने हळूच विचारले, ‘‘अहो, दोन रात्री कुठे छपराखाली मिळतील का बघायला?’’ मी म्हणालो, ‘‘दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. उद्या बोट धरली की परवा डन्स.’’ माझ्या डोळ्यांपुढे ४ सप्टेंबर ही तारीख होती. समोर बसलेली, शालीत हात लपविणारी माझी पत्नी मला दिसत नव्हती.

त्या रात्री वारा वाढला. मध्यरात्रीनंतर एक मेख उखडली, दोरी सुटली आणि तंबूची एक बाजू आमच्या अंगावर आली. सवयीप्रमाणे तीच उठून बाहेर गेली. मी आतून कापड धरून बसलो. एक मिनिट गेले, पाच मिनिटे गेली. पाणी आत येऊ लागले. मी त्रासून ओरडलो, ‘‘एवढीशी गाठ, तिला किती वेळ!’’

बाहेरून काही उत्तर आले नाही. मग पावसाच्या आवाजातून तिचे शब्द ऐकू आले, ‘‘मला बसत नाही हो गाठ. मे महिन्यापासूनच बसत नाही. आजवर तुम्ही झोपल्यावर मी दातांनी ओढून बांधत होते.’’

बंधुभगिनींनो, माझ्या आयुष्यात मी पुष्कळ प्रवचने ऐकली. त्या एका वाक्याने माझे जितके दोष मला दाखविले तितके क्वचितच कोणी दाखविले असतील. अकरा रात्री मी त्या गाठींच्या आधाराने निजलो होतो आणि त्या कशा मारल्या जातात हे मी पाहिलेही नव्हते.

मी बाहेर गेलो. तिचे हात थरथरत होते, थंडीने आणि आजाराने. तिने विजेरी दोन्ही तळव्यांत घट्ट धरली आणि मला सांगू लागली, ‘‘वरून घ्या. मागून फिरवा. आता आतून काढा. ओढा, पण सगळं नका ओढू, थोडं सैल ठेवा, सकाळी सोडायची आहे.’’ शब्द तिचे, हात माझे. गाठ बसली. मग आम्ही आत येऊन, एकाच कोरड्या घोंगडीत अंग आखडून, पहाटेपर्यंत बोलत राहिलो. मे महिन्यापासून जे बोललो नव्हतो ते सर्व बोललो. ती रडली. मीही रडलो. आणि त्या आजाराचे नाव घेऊन आम्ही प्रथमच एकत्र प्रार्थना केली.

या रात्रीने मला शास्त्रवचनांच्या प्रकाशात तीन गोष्टी शिकविल्या. त्यांचा आपण क्रमाने विचार करू.

१. मंडप हा मोडण्यासाठीच उभारलेला असतो

करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल सांगतो, की आपले हे पृथ्वीवरचे मंडपासारखे घर मोडले गेले, तरी देवाने सिद्ध केलेले सार्वकालिक घर आपणांस स्वर्गात आहे. त्याने देहाला वाडा किंवा किल्ला म्हटले नाही. वाड्याची भिंत पडली तर ती दुर्घटना होय. तंबू मोडला जाणे ही दुर्घटना नव्हे. तो उभारतानाच सकाळी सोडावयाचा असतो. म्हणून तर चांगली गाठ घट्टही बसते आणि सैलही सुटते.

आपण मात्र या देहाला, या घराला, या नोकरीला आणि या योजनांना पक्क्या पायाच्या इमारती समजून वागतो. केस पिकले, गुडघे दुखू लागले, हात थरथरू लागले की आपणांस वाटते, देवाच्या कारभारात काहीतरी चुकले. अब्राहामाचे स्मरण करा. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय सांगतो, की वचनदत्त देशात आल्यावरही तो डेऱ्यांतच राहिला. कारण ज्या नगराचा बांधणारा देव आहे त्या नगराची तो वाट पाहत होता. वचन मिळाले म्हणजे तंबू सुटतो असे नाही. वचन मिळालेला मनुष्य तंबूत राहूनही निर्धास्त असतो.

परंतु येथे एक धोक्याची सूचना देतो. ‘देह काय, आज आहे उद्या नाही’ असे म्हणून दुःख झटकून टाकणे हा ख्रिस्ती विश्वास नव्हे. त्याच अध्यायात पौल स्पष्ट लिहितो, की या मंडपात असताना आपण भाराक्रांत होऊन कण्हतो. प्रेषित कण्हतो! मग आपण का लपवावे? मंडप मोडला जात असताना डोळ्यांत पाणी येणे हा अविश्वास नाही. अविश्वास मी केला होता. आमचा मंडप एका बाजूने सैल होत आहे हे ठाऊक असताना मी त्याकडे पाठ करून नकाशा पाहत बसलो होतो.

२. पाऊस म्हणजे देवाची नाराजी नव्हे

यहुदी लोकांचा मंडपांचा सण आपणांस माहीत आहे. लेवीय तेविसाव्या अध्यायातील आज्ञेप्रमाणे सात दिवस त्यांनी मांडवात राहावयाचे, म्हणजे मिसरातून निघाल्यावर देवाने आपल्या पूर्वजांना मांडवांत वसविले होते, याची पिढ्यान् पिढ्या आठवण राहील. हा सण पावसाळ्याच्या तोंडाशी येतो. मग मांडवात पाऊस पडला तर काय करावे? इसवी सनाच्या सुमारे २०० या काळात संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या यहुदी ग्रंथात याचे उत्तर आहे. मांडवातील शिजविलेले अन्न पावसाने खराब होऊ लागले, तर बाहेर पडण्यास मोकळीक आहे. पण त्याला जोडून एक दृष्टान्तही आहे. एक दास आपल्या धन्यासाठी पेला भरावयास आला आणि धन्याने पाण्याचे भांडेच त्याच्या तोंडावर ओतले. त्या सणात पडणारा पाऊस तसा होय, असे ते गुरुजन म्हणत.

वाचकहो, हा दृष्टान्त जुना असला तरी ही भावना आपल्या ओळखीची आहे. ‘प्रभू, आयुष्यभर तुझी सेवा केली, तुझाच पेला भरीत आलो आणि अखेरच्या दिवसांत तू माझ्या तोंडावर पाणी फेकलेस!’ आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या कित्येकांनी हे मनात म्हटले असेल. त्या रात्री माझ्या पत्नीनेही मला विचारले, ‘‘आपल्या हातून काही चुकलं का हो?’’

मी तिला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. पहाटे मला योहानाच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय आठवला. याच मंडपांच्या सणाचा अखेरचा व मोठा दिवस होता. सणात रोज शिलोह तळ्यातून सोन्याच्या पात्रात पाणी आणून वेदीपाशी ओतले जाई. त्या अखेरच्या दिवशी प्रभू येशू उभा राहिला आणि त्याने मोठ्याने पुकारा केला, की जो कोणी तान्हेला असेल त्याने माझ्याकडे येऊन प्यावे. त्याने अखेरचा दिवस निवडला, हे ध्यानात घ्या. लोक मांडव मोडावयास लागणार, फांद्या सुकलेल्या, मने घराकडे लागलेली, अशा वेळी तो उभा राहतो. आपण ज्या दिवसांना उरलेसुरले दिवस समजतो, त्या दिवसांत त्याचा आवाज सर्वांत मोठा होतो.

आणि तो दुरून बोलत नाही. योहान पहिल्या अध्यायात जेथे शब्द देही झाला व त्याने आपल्यामध्ये वस्ती केली असे सांगतो, तेथे मूळ ग्रीक शब्दात तंबू ठोकण्याचाच अर्थ आहे. देवाच्या पुत्राने आपल्या शेजारी, याच चिखलात, याच पावसात स्वतःची राहुटी उभारली. त्याचाही मंडप मोडला गेला, वधस्तंभावर, आणि आपल्या मंडपाहून कितीतरी निर्दयपणे. म्हणून कंपवात झालेल्या हातांकडे बोट दाखवून ‘ही तुझी शिक्षा’ असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. शिक्षा झाली ती त्याला झाली. आपल्या तोंडावर पाणी फेकणारा धनी तो नव्हे. भिजलेल्या दासाशेजारी बसून भिजणारा धनी तो आहे.

हे मी तिला तंबूतच, मोडक्यातोडक्या शब्दांत, सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘मग सकाळी शेतावरच्या बाईंना विचारू या का, एखादी खोली आहे का म्हणून?’’ उत्तर मिळाल्यावर मनुष्य मदत मागावयास मोकळा होतो, हे मी तेव्हा शिकलो.

३. दोघांनी एकमेकांना वाट द्यावी

मंगळवारी सकाळी आम्ही त्या शेताच्या मालकिणीकडे गेलो. वादळी वाऱ्यामुळे त्या दिवशी बोट सुटणार नव्हती. बाईंनी अधिक काही विचारले नाही. आमचा भिजलेला तंबू त्यांनी मेंढरांच्या गोठ्यात आडव्या तुळईवर वाळत घातला, आम्हांला माडीवरची एक खोली दिली आणि चुलीजवळ खुर्च्या ठेवल्या. माझ्या पत्नीचे हात पाहून त्यांनी चहाचा पेला अर्धाच भरला. मी अकरा दिवसांत जे पाहिले नव्हते ते त्या परक्या स्त्रीने अकरा मिनिटांत पाहिले.

बेटावरच्या त्या अरुंद रस्त्याविषयी मघाशी सांगितले. त्यावरून एका वेळी एकच वाहन जाऊ शकते. म्हणून ठिकठिकाणी रस्ता थोडा रुंद करून वाट देण्याच्या जागा ठेवल्या आहेत. समोरून कोणी आले, तर जो त्या जागेच्या जवळ असेल त्याने थांबावयाचे. प्रसंगी मागेही जावयाचे. दोघेही हट्टाने पुढे आले तर दोघेही अडकतात. जाताना आम्ही एकमेकांना हात करून आभार मानीत असू. दिवसभर परक्या माणसांना वाट देणारा मी, माझ्या शेजारी बसलेल्या जीवनसाथीला मात्र वाट देत नव्हतो. तिच्या थकव्यासाठी माझ्या आखलेल्या रस्त्यावर एकही थांबण्याची जागा मी ठेवली नव्हती.

उपदेशकाच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे, की एकट्यापेक्षा दोघे बरे. एक पडला तर दुसरा त्याला उठवितो, दोघे एकत्र निजले तर त्यांस ऊब येते. हे वचन आपण लग्नाच्या उपासनेत हौसेने वाचतो. त्याचा उपयोग मात्र लग्नमंडपाहून भिजलेल्या तंबूत अधिक आहे. पण उठविण्यासाठी आधी कळले पाहिजे, की दुसरा पडला आहे. आणि पडलेल्याने सांगितले पाहिजे. दातांनी गाठी ओढणारे कितीतरी जण आपल्या घरांत आहेत! मुलांना काळजी नको म्हणून आईबाप सांगत नाहीत. आईबापांना धक्का नको म्हणून मुले सांगत नाहीत. मंडळीत चर्चा होईल म्हणून कुटुंबे सांगत नाहीत. एकमेकांची ओझी वाहा, ही आज्ञा गलतीकरांस पत्रात आहे. परंतु जे ओझे दाखविलेच नाही ते कोण उचलणार?

बुधवारी, ४ सप्टेंबरला, वारा उतरला, पाऊस मात्र तसाच होता. बोट दुपारी उशिरा सुटणार असे समजले. म्हणजे डन्स राहिले. दुसऱ्या दिवशी एडिंबराहून आमचे विमान होते. धक्क्यावर वाहनांच्या रांगेत मोटारीत बसून, काचेवरून ओघळणारे पाणी पाहत, मी तिला हिस्लॉप साहेबांच्या अखेरच्या दिवसाची हकीकत सांगितली. ती शांतपणे ऐकत होती. मग तिने विचारले, ‘‘ओढा ओलांडताना त्यांच्याबरोबर कोणी होतं का?’’

मी म्हणालो, ‘‘नाही. घोडा तेवढा परत आला.’’

‘‘मग आपण दोघं आहोत, हे पुष्कळ झालं,’’ ती म्हणाली.

डन्स गावी जाऊन जे आभार मानावयाचे होते ते मी तेथेच मानले. हिस्लॉप साहेबांचाही बेत त्या दिवशी पुरा झाला नव्हता. आदिवासी बांधवांविषयीचे त्यांचे लेखन अपुरेच राहिले होते. ते सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय तर त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १८८३ साली, सुरू झाले. त्यांचा मंडप ओढ्याकाठी मोडला, काम मात्र मोडले नाही. ते दुसऱ्या हातांनी उचलले. शब्द एकाचे, हात दुसऱ्याचे. देवाच्या राज्यात कित्येक गाठी अशाच बांधल्या जातात.

परतल्यावर आम्ही प्रथम मुलांना सांगितले. नंतरच्या रविवारी मंडळीत प्रार्थनेची विनंती केली. आज काही वर्षे लोटली आहेत. आजार गेलेला नाही, तो पुढे सरकतो आहे. सकाळी तिच्या साडीच्या निऱ्या मी धरतो, पिन मी लावतो, आणि ती मला सांगत असते, ‘‘थोडं वर, थोडं सैल.’’ कधी तिला राग येतो, कधी मला कंटाळा येतो, आणि मग आम्हांपैकी जो वाट देण्याच्या जागेच्या जवळ असेल तो थांबतो.

प्रियजनहो, आपणांपैकी कित्येक जण गावापासून, नात्यागोत्यांपासून दूर, देशाच्या निरनिराळ्या प्रांतांत राहतात. कित्येकांची मुले परदेशी आहेत आणि घरात दोघेच उरले आहेत. कोणाच्या आयुष्याच्या प्रवासाचे अखेरचे टप्पे चालू असतील आणि नेमका आताच पाऊस लागला असेल. आखलेले गाव बहुधा गाठता येणार नाही. तरी घाबरू नका. आज रात्री दिवा मालविण्यापूर्वी एक गोष्ट करा. जे महिनोन् महिने बोलला नाहीत ते आपल्या माणसाशी बोला आणि त्याचे नाव घेऊन एकत्र प्रार्थना करा. घरात आपण एकटेच असाल तर शेजारच्या विश्वासू बंधूला किंवा भगिनीला बोलवा. आणि आपल्या मंडळीत कोणाचे हात थरथरत असतील, तर त्यांचा पेला अर्धाच भरावयास शिका.

सकाळी तंबू सोडावयाचा आहे. घर तयार आहे. तोवर या पावसात तो आपल्यासोबत आहे.

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू आमच्यामध्ये येऊन राहिलास आणि आमच्यासाठी आपला देह मोडू दिलास, याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. आमचे मंडप जीर्ण होत आहेत हे तू जाणतोस. आमची भीती आम्ही विश्वासाच्या नावाखाली लपविली, आमच्या बेतांपायी आमच्या माणसांकडे पाहिले नाही, याची आम्हांस क्षमा कर. जे आज आजारी आहेत, जे त्यांची सेवा करून थकले आहेत, आणि जे एकटेच ओढा ओलांडीत आहेत त्यांच्याजवळ तू राहा. आम्हांस मागावयास शिकव, द्यावयास शिकव, आणि वेळ येईल तेव्हा न घाबरता दोरी सोडावयास शिकव. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.